उमेदवारी

(द्वितीय वर्ष कला)

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली आपल्याला दोनच ठिकाणी भेटतो : निवडणुकीच्या फलकावर आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावर. जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र त्याला आणखी एक अर्थ होता. एखादा पोरगा कचेरीत किंवा कारखान्यात बिनपगारी राबू लागला की लोक म्हणत, ‘अजून उमेदवारी करतोय.’ काम पुरेपूर, पगार शून्य. गाठीला असते ती फक्त उमेद. फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे येऊन असा कामाला लागला. मला हा अर्थ कोशात सापडला नाही, तो आमच्या अण्णांच्या तोंडून कळला. अण्णा गवंडी आहेत. पहिली दोन वर्षे त्यांनी एका मिस्त्रीच्या हाताखाली घमेली वाहण्यात आणि माल कालवण्यात काढली. थापी हातात मिळाली ती तिसऱ्या वर्षी. त्या दोन वर्षांना ते आजही ‘माझी उमेदवारी’ म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते.

गेल्या दीड वर्षापासून मीही एक उमेदवारी करते आहे. फरक इतकाच की माझ्या डोक्यावर मिस्त्री कोणी नाही. मी लोकांचे मराठी लिखाण तपासून, सुधारून देते. मुद्रिते वाचते, वाक्ये सरळ करते, विस्कटलेले परिच्छेद लावून देते. याला हल्ली ‘फ्रीलान्स एडिटिंग’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. पण घरात ते सांगायची सोय नव्हती, म्हणून मी सोपे करून सांगितले. ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हंजी दुसऱ्याच्या चुका काढायच्या आन् वर त्यालाच पैसं मागायचं?”

आई म्हणाली, “चुका तर तुझी आत्या फुकट काढती की!”

वाचकहो, या दोन वाक्यांनी आमच्या धंद्यातील सगळी अडचण सांगून टाकली आहे. चूक दाखवणारा माणूस कोणालाच आवडत नाही, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूला कोणी पैसे मोजत नाही. या दोन गोष्टींवर मात करून ज्याला पोट भरायचे आहे त्याला उमेद जरा जास्तच लागते.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगते. कॉलेजच्या वाटेवर एक डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका असले काम तेथे चालते. झेरॉक्स काढायला गेले की मी भिंतीवरचे नमुने वाचत उभी राहत असे. ‘आशिर्वाद’ होता, ‘प्राविण्य’ होते, ‘उज्वल’ यश होते आणि ‘महत्व’ तर जागोजागी होते. ‘आशीर्वाद’, ‘प्रावीण्य’, ‘उज्ज्वल’ आणि ‘महत्त्व’ या चार शब्दांना आपल्याकडे इतके सोसावे लागते की त्यांची एखादी संघटना निघाली तर मी वर्गणी देईन. एका दिवशी दुकानदार काकांनी एका स्मरणिकेची ६४ पाने माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “सारखी भिंतीकडं बघतेस, आता हे बघ. पानाला दहा रुपये.” सहाशे चाळीस रुपये! त्या रात्री मला वाटले, आता जग आपले.

जग अर्थातच आपले झाले नाही. पण या कामात काय काय असते हे मला त्या ६४ पानांनी शिकवले. वरवर पाहता हे ऱ्हस्व-दीर्घाचे काम. त्याला आधार म्हणजे साहित्य महामंडळाचे नियम. १९६२ साली शासनाने मान्य केलेले चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे एकंदर अठरा. हे नियम आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षा झाल्यावर विसरतो, कारण त्यांतली गंमत आपल्याला कोणी सांगत नाही. ‘चूक’ हा शब्दच घ्या. एक असते तेव्हा ती दीर्घ. अनेक झाल्या की ‘चुका’, म्हणजे ऱ्हस्व. माणसाच्या स्वभावाचेही असेच आहे, पहिली चूक मोठी वाटते, नंतरच्या लहान. ‘कवी’ एकटा असताना दीर्घ, पण ‘कविसंमेलना’त गेला की ऱ्हस्व होतो, गर्दीत सगळ्यांचेच तसे होते. आणि अर्ध्या ‘र’ची कथा तर विचारूच नका. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांत फक्त एका रेघेचे अंतर आहे, पण पहिल्यात शाल द्यावी लागते आणि दुसऱ्यात स्वयंपाकाचे पैसे. आमच्या गावाचेच पाहा. कोणी ‘कराड’ लिहितो, कोणी ‘कऱ्हाड’. १९७५ साली दुर्गा भागवत यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले, तरी गावाच्या पाट्यांत एकमत झालेले नाही!

याच्या पलीकडे खरे संपादन सुरू होते. वाक्यातला कर्ता हरवलेला असतो, तो शोधायचा. तीन वाक्यांत एकच गोष्ट सांगितलेली असते, तिचे एक वाक्य करायचे. आणि हे करताना लेखकाचा आवाज आपल्या आवाजाखाली दडपणार नाही याची काळजी घ्यायची. हे अखेरचे सर्वांत कठीण. श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी ‘सत्यकथे’च्या काळात लेखकांच्या हस्तलिखितांवर किती कष्ट घेतले, हे आपले सर वर्गात सांगतात. ते मासिक १९८२ साली बंद पडले, पण त्या लेखकांची पुस्तके आपण अजून अभ्यासाला लावतो. मुखपृष्ठावर नाव लेखकाचे असते, संपादकाचे नसते. ज्याला आपले नाव मोठ्या टाइपात पाहायची हौस आहे त्याने या वाटेला न गेलेले बरे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पहिल्या कामानंतर दोन-चार स्मरणिका आल्या, एका पतसंस्थेचा अहवाल आला, आणि मग एकदम शुकशुकाट झाला. एका गृहस्थांनी प्रबंधाची ९० पाने तपासून घेतली आणि नंतर फोन उचलणेच सोडून दिले. चाळीस दिवस एकही कागद आला नाही. मी भावपत्रक करून फोनवर सर्वांना पाठवले होते : मुद्रितशोधन पानाला १२ रुपये, संपादन पानाला ३० रुपये. त्यावर पुष्कळांनी अंगठा दाखवला. म्हणजे पसंतीचा अंगठा, पण परिणाम एकच.

त्यात पावसाळा आला. पावसाळ्यात गवंड्याचे काम निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. धाकटी बहीण दहावीला, तिचा क्लास. माझी फी. एका संध्याकाळी अण्णांनी जेवताना सांगितले की पेठेतल्या एका कापड दुकानात मुलगी हवी आहे, महिना सात हजार देतात. कॉलेज सकाळचे, दुकान दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत. “दिवाळीपर्यंत तुझं चालू दे. मग बघू,” इतकेच ते म्हणाले. अण्णा ओरडले असते तर मला वाद घालता आला असता. ते हळू बोलले, त्यामुळे उत्तर सुचेना. दुकानातले काम काही कमी प्रतीचे नाही. माझ्या दोन मैत्रिणी ते करतात आणि उत्तम करतात. पण बारा ते नऊ उभे राहिल्यावर रात्री डोळ्यांत तेल घालून मुद्रिते वाचणे होणार नाही, हे मला कळत होते. म्हणजे प्रश्न दुकानाचा नव्हताच. जे आपण सुरू केले ते पाच महिन्यांत उभे राहील का, हा होता.

अशा वेळी माणूस काय करतो? प्रेरणा शोधतो. माझ्या फोनमध्ये प्रेरणा देणाऱ्या वक्त्यांची वाण नव्हती. पहाटे पाचला उठा, आरशात पाहून ‘मी जिंकणारच’ म्हणा, अपयशाला घाबरू नका. ऐकताना अंगावर काटा येई. मी भिंतीवर एक मोठे वाक्यही लिहून लावले. दोन दिवसांनी ते दिसेनासे झाले. कागद तेथेच होता, पण डोळ्याला त्याची सवय झाली. मला वाटते, या प्रेरणेचे स्वरूप लग्नातल्या बँडसारखे आहे. वाजत असते तोवर पाय आपोआप हलतात, पण वरात गेल्यावर रस्ता आपला आपल्यालाच चालावा लागतो.

याच दिवसांत ग्रंथालयात एक जुना लेख वाचायला मिळाला, जावजी दादाजींवर. निर्णयसागर छापखान्याचे नाव आपण संस्कृतच्या पुस्तकांवर पाहिले असेल. जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतल्या एका गरीब घरातला. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. शाळेचे शिक्षण जुजबी. पण १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. ज्यांना संस्कृतचे पांडित्य नव्हते त्यांच्या छापखान्यातली संस्कृत पुस्तके शुद्धतेसाठी नावाजली गेली, कारण काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकर यांच्यासारखी विद्वान माणसे त्या कामाला मिळाली. माझे लक्ष मात्र मधल्या वर्षांवर खिळले. टाइप घासणारा मुलगा रोज काय म्हणून उठत असेल? आपण पुढे छापखाना काढणार आहोत, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याच्यापुढे होते ते खिळे, आणि ते गुळगुळीत व्हायला हवे होते.

दुसरी गोष्ट अण्णांनी शिकवली, तीही शिकवायची म्हणून नव्हे. पाऊस उघडला की ते एका अर्धवट बंगल्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला जात. बांधकाम त्या दिवसांत थांबले होते, मजुरी नव्हती. मी विचारले, “काम बंद आहे ना, मग कशाला जाता?” ते म्हणाले, “भिंत बांधून उभी राहती, पर पक्की हुती ती पाण्यानं. सात दिस पाणी न्हाई मारलं तर शिमीट नुसतं वाळतंय, धरत न्हाई.”

मी त्याच दिवशी ठरवले, की काम असो वा नसो, रोज एक पान. सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी अर्धा तास. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, बँकेचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरची मराठी सूचना, जे हाती येईल ते घ्यायचे आणि कोणी पैसे देणार असल्यासारखे संपादन करायचे. अडलेला प्रत्येक शब्द एका वहीत लिहायचा, अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’त पाहायचा, आणि तो तसाच का लिहायचा हे पुढे नोंदवायचे. त्या वहीचे नाव ‘शंकावही’. पहिल्या आठवड्यात जिवावर येई. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. तिसऱ्या आठवड्यात एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली : मी उमेद शोधायचे विसरून गेले होते. ती आली केव्हा ते कळलेच नाही. आपण समजतो, आधी हुरूप येतो आणि मग हात चालतो. माझा अनुभव उलटा आहे. हात चालू लागला की हुरूप मागून येतो. चुलीजवळ मांजर येऊन बसते तसा. हाका मारून मांजर येत नाही, चूल पेटवावी लागते.

शंकावहीत दोन महिन्यांत चारशेच्या वर शब्द जमले आणि तिनेच पहिली वाट काढली. डीटीपीवाले काका अडले की फोन करून विचारू लागले, ‘परंतु’चा ‘तु’ कोणता, ‘आणि’चा ‘णि’ कोणता. मी दोन्ही ऱ्हस्व असे तिथल्या तिथे सांगे, आणि का तेही सांगे. असे दहा-पंधरा फोन झाल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांनाच माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली.

त्यांपैकी एक होते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नाव त्यांच्या पुस्तकावर आहे, येथे नको. तीन दोनशेपानी वह्यांत त्यांनी आठवणी लिहिल्या होत्या. घाटातल्या मुक्कामी गाड्या, यात्रेची गर्दी, सुट्या पैशांची भांडणे, एका पुराच्या रात्री टपावर काढलेले तास. अण्णांच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे मी पाचशे रुपये इसार घेतला. त्यांनी तो दिला आणि म्हणाले, “बाळ, लवकर कर. मंडळींची नजर कमी होत चाललीय. तिला वाचता येतंय तोवर छापून हातात द्यायचंय.”

त्या एका वाक्याने भिंतीवरच्या माझ्या मोठ्या वाक्याला हरवले. कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव सगळ्या भाषणांपेक्षा भारी असते. रोज रात्री दहा पाने, ही गणती मी एकदाही चुकू दिली नाही.

पण काम सोपे नव्हते. त्यांच्या लिहिण्यात ‘म्या’ होते, ‘व्हतं’ होते, ‘आलतो-गेलतो’ होते. वर्गातल्या एका मित्राने सुचवले, “एवढं डोकं कशाला? यंत्राला दे, दोन मिनिटांत शुद्ध करून देईल.” मी चार पाने देऊन पाहिली. यंत्राने खरोखर दोन मिनिटांत सगळे प्रमाण मराठीत करून दिले. वाक्ये स्वच्छ झाली, पण कंडक्टर गाडीतून उतरून गेले! तेथे आता कोणी साहेब बोलत होता. यंत्र वाईट आहे असे मी म्हणणार नाही. टंकनाच्या चुका ते झटकन पकडते आणि त्यासाठी मीही ते वापरते. पण पुढे असा उपाय घरोघरी असणार, तेव्हा पानाला तीस रुपये मला कोणी कशासाठी द्यायचे, हा प्रश्न त्या रात्री माझ्यापुढे उभा राहिला.

उत्तर त्या वह्यांतच मिळाले. निवेदन मी सरळ केले, तारखा आणि गावांची नावे त्यांना विचारून पक्की केली, एकच प्रसंग तीन ठिकाणी आला होता तो एका ठिकाणी आणला. पण माणसे जेथे बोलतात तेथे त्यांची बोली जशीच्या तशी ठेवली. आपल्या नियमांनाही संवादातली ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ ही रूपे वर्ज्य नाहीत. प्रत्येक ‘म्या’जवळ थांबून मला ठरवावे लागले : हा येथे राहू दे की जाऊ दे? आणि प्रत्येक वेळी मी त्यांना वाचून दाखवत असे. एकदा ते म्हणाले, “हे माझंच आहे, पण मी एवढं नीट बोलतो व्हय?” मला वाटते, माझे तीस रुपये त्या प्रश्नासाठी होते.

पुस्तक दिवाळीच्या आठ दिवस आधी छापून झाले, दोनशे प्रती. १४० पानांचे ४,२०० रुपये झाले. इसार वजा जाता बाकीची रक्कम त्यांनी दोन हप्त्यांत चुकती केली. इतर लहानसहान कामे धरून पाच महिन्यांत माझ्या हाती ९,३५० रुपये पडले. हा आकडा मी अण्णांपुढे ठेवला. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले, पण हिशेबात त्यांना कोणी हरवू शकत नाही. “दुकानात पाच महिन्यांचं पस्तीस हजार झालं असतं,” ते म्हणाले. खोटे काहीच नव्हते. मी गप्प राहिले आणि पुस्तकाची एक प्रत त्यांच्याजवळ ठेवली.

ते तीन रात्री ते पुस्तक वाचत होते. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. माझ्या आठवणीत अण्णांनी पूर्ण वाचलेले हे पहिले पुस्तक. चौथ्या दिवशी कामावर निघताना त्यांनी विचारले, “ह्यात तू लिवलेलं कुठलं?” मी म्हटले, “माझं काहीच नाही. सगळं त्यांचंच आहे.” अण्णांनी मान हलवली. गिलावा झाल्यावर आतल्या विटा कोणाला दिसत नाहीत, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. “अजून एक वरीस बघ,” ते म्हणाले, “पर बहिणीच्या क्लासचं अर्धं पैसं तू द्यायचं.”

त्या अटीवर सध्या माझी उमेदवारी चालू आहे. क्लासचे दोन हप्ते मी दिले आहेत, तिसरा या महिन्याअखेर द्यायचा आहे आणि त्यासाठी अजून सातशे रुपये कमी आहेत. शंकावही दुसऱ्या भागात गेली आहे. वर्ष पुरे झाल्यावर काय होईल, ते मला माहीत नाही.

आपल्यापैकी कोणी शिकवणी, शिवणकाम, छायाचित्रे, असे काही स्वतःच्या बळावर सुरू केले असेल आणि आज हात थांबला असेल, तर त्यांना मी प्रेरणा देऊ शकणार नाही. ती माझ्याजवळही शिल्लक नसते. एवढेच सांगेन, उद्या सकाळी अर्धा तास बसून पाहा.

जाता जाता एक खुलासा. या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासायला माझ्याकडे आलेली नाहीत. तेव्हा पुढच्या-मागच्या पानांवर कोठे ‘आशिर्वाद’ आढळला तर मला जबाबदार धरू नये. मात्र पुढच्या वर्षी संपादक मंडळाला गरज वाटलीच, तर पानाला बारा रुपये. कॉलेजचे काम म्हणून इसार घेणार नाही.